गुडघ्याखाली चार बोटं

एका मंगळवारी सकाळी अरविंद स्कूटरवरून पडघ्याला एका पेशंटला बघायला निघाला. हायवेवर ट्रकची धडक बसली. मी शाळेत चौथा तास घेत होते. शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, "बाई, घरी चला."

तो गेला, याला आता दोन महिने होतील. येणारे अजून येतात. भिवंडीच्या कामतघर भागातले, यंत्रमागाच्या लूमवर उभे राहणारे कारीगर, त्यांच्या बायका, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया. चहा घेतात आणि थोड्या वेळाने प्रत्येक जण आपल्या अंगावरची एखादी जागा दाखवतो. कुणी मनगटाच्या वर, कुणी अंगठ्याच्या बेचक्यात, कुणी घोट्याजवळ. "यहाँ सुई लगाते थे डॉक्टरसाब." मी मान हलवते आणि मनात जळते. माझा नवरा या गावात किती अंगांवर आठवण ठेवून गेला...

अ‍ॅक्युपंक्चर तो मुंबईला जाऊन शिकला. दापोड्याला, त्याच्या गावी, घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "सुया टोचतो म्हंजे तू डाक्तर हायेस का शिंपी?" तो हसला आणि त्यांच्याच दुखऱ्या खांद्यापासून त्याने सुरुवात केली. पुढे त्या सगळ्या गावाला सांगत फिरल्या. दवाखान्याच्या भिंतीवर त्याने एक तक्ता लावला होता. त्यात एक माणूस, अंगभर रेषा आणि रेषांवर ठिपके. त्यातली पोटाची वाहिनी म्हणून काढलेली रेषा डोळ्याखालून निघून छातीपोटावरून पायाच्या दुसऱ्या बोटापर्यंत उतरते. तिच्यावर गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो बिंदू आहे, तो त्याचा सर्वांत लाडका. त्याचं चिनी नाव त्सूसानली, म्हणजे पायातले तीन मैल. थकलेला माणूस तिथे दाबून आणखी तीन मैल चालू शकतो, असं तो कारीगरांना सांगायचा. ते म्हणायचे, "साब, चलना नहीं है, बारा घंटे खड़ा रहना है."

त्या वर्षांत भिवंडीत वीज सारखी जायची. वीज गेली की लूम थांबायचे, गल्ल्या एकदम मुक्या व्हायच्या आणि मोकळी झालेली माणसं त्याच्या दवाखान्याकडे वळायची. आमचं जेवण ताटात राहायचं. मी पुस्तक घेऊन खिडकीशी बसायचे. पलीकडच्या दवाखान्यातून त्याचा आवाज यायचा, "बोलिए, कहाँ खिंचता है?" इतक्या मऊ आवाजात तो मला कधी काही विचारत नसे. मला विचारायचा ते एवढंच, की गॅस संपत आला का.

शबाना नावाची एक कांडीवाली होती. तिच्या गुडघ्यांबद्दल तो घरी बोलायचा. आज ती जिना चढली, आज खाली बसून उठली. मी ऐकून घ्यायचे. एकदा म्हणालेही, "माझ्याही पायांबद्दल सांग की कुणाला तरी. दिवसभर फळ्यासमोर उभी असते मी." त्या संध्याकाळपासून तो माझ्या पायाशी बसायला लागला. सुईची मला भीती, म्हणून अंगठ्याने दाबायचा. आपली चार बोटं माझ्या गुडघ्याखाली आडवी ठेवायचा, मग हात जरासा वर सरकवायचा आणि तिथे दाबायचा. मला वाटायचं, बाहेर नेमकेपणा आणि घरी अंदाज.

"नीट मोज ना," मी म्हणायचे.

"मोजलंय," तो म्हणायचा आणि दाबत राहायचा.

मागच्या रविवारी शबाना आली. जिना चढून आली, हे मी पाहिलंच. जाताना मला राहवलं नाही. विचारलं, गुडघ्याचा बिंदू ते कसा शोधायचे? तिने सलवारीवरूनच गुडघ्याखाली स्वतःची चार बोटं ठेवून दाखवली. "हमेशा मेरीच उँगली से, भाभी. अपना हाथ नापने को कभी नहीं लगाया. बोलते थे, जिसका बदन, उसी की उँगली का नाप. दूसरे की उँगली से नापो तो सुई गलत बैठती है." मग ओढणी सारखी करत म्हणाली, "आपका अच्छा था. डॉक्टर घर में ही."

तिला माझा हेवा वाटत होता... हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ती गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि माझी चार बोटं गुडघ्याखाली ठेवली. त्याच्या चार बोटांहून ती अरुंद आहेत. करंगळीखाली दाबलं, आणि ओळखीची ती कळ थेट पावलापर्यंत उतरली. तो हात वर सरकवून थांबायचा, ती हीच जागा. म्हणजे माझ्या बोटांचं माप त्याच्या हातात होतं. त्याने ते कधी घेतलं, मला आठवत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तेवढ्यात केव्हातरी घेतलं असेल. इतरांना तो त्यांचीच बोटं ठेवायला सांगायचा. मला त्याने ते एकदाही सांगितलं नाही.

शबानाचा मला अजून हेवा वाटतो. तिचे गुडघे त्याने बरे केले. माझे पाय शाळेतून आल्यावर तसेच दुखतात. तक्ता मी दवाखान्यातून काढून घरी आणला आहे, तो खिडकीजवळ लावला आहे. संध्याकाळी त्याच्याखाली बसते. गुडघ्याखाली आता माझीच चार बोटं असतात.