खोलीबाहेरची खुंटी

धाराशिवच्या छापखान्यात पाच वाजता मशीन सुरू होणार होतं, आणि साडेतीनला शिवकन्या नमुन्याची पेटी ओढणीआड धरून मथुराबाईंच्या अंगणात उभी होती. दाखवावी की तशीच परत न्यावी, हे अजून तिचं ठरत नव्हतं.

शिवकन्या फटाक्यांच्या पेट्यांवरची चित्रं काढते. तेरखेड्याच्या पंचक्रोशीत बारा वर्षांत तिने किती मोर, किती कमळं, किती आभाळात फुटणारी रॉकेटं काढली असतील, तिलाही सांगता येणार नाही. दिवाळीत तिचं चित्र घरोघरी जातं आणि पाडव्याला उकिरड्यावर दिसतं. एकाही पेटीवर तिचं नाव नाही. तिला त्याचं वाईट वाटत नाही, असं ती म्हणते. पण शाळेत असताना वहीच्या प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात नाव टाकणारी मुलगी होती ती.

म्हणून उत्कर्ष आला तेव्हा तिने लगेच होकार दिला. उत्कर्ष गावातलाच. पुण्यात गाणं शिकून परत आलेला. त्याचा सात गाण्यांचा अल्बम तयार होता.

"कॅसेटी आता कोण घेतं ताई? आपण पेनड्राइव्ह देऊ. पण पेटीत. फटाक्याच्या पेटीसारखी पेटी, ओढली की आतून कप्पा बाहेर. सोबत गाण्यांचं पुस्तक. आणि मागं तुमचं नाव."

"नाव काय अल्बमचं?"

"बांगड्यांची खोली."

 ती खोली गावात सगळ्यांना ठाऊक. माळावर, सडकेच्या अंगाला, काळ्या दगडाची. एकोणीस वर्षांपूर्वी तिथे फटाक्यांची दारू भरताना स्फोट झाला, छत उडालं, आणि आत असलेली बानू गेली. बावीस वर्षांची. तेव्हापासून भर दुपारी तिथे बांगड्या वाजतात म्हणतात. ट्रकवाले तिथून जाताना हॉर्न देतात. गुराखी शेळ्या लांबून वळवतो. बानू हातभर बांगड्या घालून आत गेली, काच काचेवर घासली, ठिणगी पडली, आणि अजून ती त्याच बांगड्या वाजवत बसलीय, अशी ती गोष्ट.

शिवकन्या तीनदा त्या माळावर गेली. दुपारीच गेली, कारण सावल्या तेव्हाच हव्या होत्या. भिंती तापलेल्या, वाऱ्याचं नाव नाही, आणि पाठीमागे सतत कुणी उभं असल्यासारखं. पहिले तीन फोटो हलले. चौथा चांगला आला. त्यावरून तिने चित्र केलं: काळं दार, आणि दारातून बाहेर आलेला एक गोरा हात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. दाराशेजारी भिंतीत एक लाकडी खुंटी होती. ती डोळ्यांत खुपत होती, चित्र मोडत होती. शिवकन्येने ती संगणकावर पुसून टाकली.

चित्र अप्रतिम झालं होतं. उत्कर्षने त्याचं पोस्टर मोबाइलवर टाकलं, दोन दिवसांत गावभर झालं. फक्त एका घरात कुणाकडे तसला मोबाइल नव्हता. बानूच्या आईकडे. मथुराबाईंकडे.

या घरात शिवकन्येने लहानपणी निम्मी जेवणं केली होती. तिची आई गिरिजाबाई कामावर असली की मथुराकाकू तिला भाकरी कुस्करून घालायची. पेटी बाजारात आल्यावर काकूला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? म्हणून ती आली होती. सकाळीच यायला हवं होतं. सकाळी तिने फाइल छापखान्यात पाठवली, आणि मग तिला इथे यायचा धीर आला.

मथुराबाई फटाक्यांच्या नळ्या वळत बसल्या होत्या. रद्दी कागद, खळ, हाताखाली दांडा. पासष्टीतही बोटं थांबत नव्हती.

"उभी का गं खांबावाणी? बस की. काय लपवलंयस, पेढे हायेत का?"

"काकू, एक दाखवायचंय. रागावू नका."

"आधी दाखव. राग माझा मी बघते."

शिवकन्येने पेटी पुढे केली. मथुराबाईंनी हात पदराला पुसले, पेटी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.  अंगणात कोंबडी खळीच्या डब्याशी आली, तिला हाकललं नाही.

"ही आपली माळावरची खोली नव्हं?"

"हो."

"आन हात?"

"बानूताईचा. म्हणजे... गाण्यातल्या बाईचा."

"बानूच्या हातात बांगड्या कशा?"

आवाज चढला नव्हता. म्हणूनच जास्त भीती वाटली.

"लोक म्हणतात..."

"लोक ऱ्हाऊ दे. तू कुणाची लेक? गिरिजा दारूच्या खोलीत बांगड्या घालून जायची व्हय?"

आणि शिवकन्येला आईचे हात दिसले. संध्याकाळी घरी आल्यावर ती बांगड्या परत चढवायची. कासाराकडे एक माप मोठ्या मागायची, दिवसातून दोनदा काढ-घाल करता यावी म्हणून. सगळ्याच बाया मागायच्या. खोलीत शिरताना अंगावर काच नाही, धातू नाही, पायात चप्पल नाही. बांगड्या बाहेर लाकडी खुंटीला.

खुंटीला. तीच, जी तिने चित्रातून स्वतःच्या हाताने पुसली होती.

मथुराबाई आत गेल्या आणि बिस्किटाचा चौकोनी डबा घेऊन आल्या. फडक्यात अकरा हिरव्या बांगड्या होत्या.

"आदल्या रोजी भरल्या हुत्या. 'खुंटीला समद्यांच्या एकात एक अडकतात आये, माझ्या नव्या हायेत, तू धर,' म्हणून माझ्या पदरात टाकल्या आन आत गेली. मी खोलीसमोरच्या लिंबाखाली नळ्या वळत बसले हुते. पाच मिनिटं झाली नसतील."

"तुम्ही सांगितलं नाही कुणाला?"

"समद्यांला सांगितलं. मालकाला, पोलिसाला, तुझ्या आईला. गिरिजाला पटलं. बाकीच्यांला बांगड्यावाली बरी वाटली. पोरीची चूक म्हणलं की बाकी कुणाची ऱ्हात न्हाय." त्यांनी पेटी शिवकन्येच्या हातात परत दिली. "छाप बाई. तुझं काम हाय. पर मला इचारायला आलीस म्हणून खरं सांगितलं."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शिवकन्येने अंगणातूनच उत्कर्षला फोन लावला.

"ताई, वेड लागलं काय? पोस्टर गावभर झालंय. गाण्यातच ओळ आहे बांगड्या वाजल्याची! लोकांना भूत पाहिजे."

"ती भूत नव्हती रे. या गल्लीत राहायची."

"पाचला मशीन सुरू. आता काही होत नाही." फोन कट.

तिने छापखान्यात लावला. तिथले वैजनाथभाऊ सरळ माणूस. "बाई, ऑर्डर त्यांची. ते म्हणतील तर थांबवतो. तुमच्या शब्दावर कसं थांबवू?"

शिवकन्या ओट्यावर बसली. मथुराबाईंनी डबा काखोटीला मारला, पायात चपला सरकवल्या.

"चल. कुठंय तो गाणारा?"

उत्कर्षचं घर वेशीपाशी. मथुराबाई गुडघ्यांनी अधू, दर वीस पावलांवर थांबायच्या. शिवकन्या मोबाइलवर वेळ बघायची आणि काही बोलायची नाही. पोचल्या तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. उत्कर्ष दारात मोटारसायकल पुसत होता. मथुराबाईंना बघून त्याचं फडकं तसंच राहिलं.

"काकू, तुम्ही..."

"बस खाली. पाणी नगं, च्या नगं." त्यांनी ओट्यावर डबा उघडला. "या बानूच्या. त्या दिशी माझ्यापाशी हुत्या. आता ती तुझी ओळ म्हण माझ्यासमोर. बांगड्या वाजल्याची."

उत्कर्षने बांगड्यांकडे बघितलं, मग शिवकन्येकडे, जणू तिने त्याला फसवून पकडून दिलं होतं. घसा साफ केला. पहिला शब्द निघाला, दुसरा निघाला नाही.

"म्हण की. गाणारा हायेस नव्हं?"

त्याने मान खाली घातली आणि खिशातून मोबाइल काढला.

वैजनाथभाऊंनी उचलला नाही. मशीनचा आवाज असला की त्यांना ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा नाही. उत्कर्ष उभा राहिला, ओटा उतरला, चढला. चौथ्यांदा उचलला. "थांबवा," तो ओरडला, "भाऊ, आधी थांबवा, मग बोलू." पलीकडे खडखड हळूहळू बंद पडली. तिघांनाही ऐकू आली, बंद होताना.

चाळीस कागद निघाले होते.

अल्बम तीन आठवडे लांबला. उत्कर्ष शिवकन्येशी त्यातले दोन आठवडे धड बोलला नाही. ती ओळ त्याने काढून टाकली. तिथे नुसतं संबळ वाजतं. दुसरी ओळ बसवून बघितली, बसली नाही म्हणाला. नव्या पेटीवर भिंत आहे, खुंटी आहे, खुंटीला पाच-सहा जणींच्या बांगड्या एकात एक अडकलेल्या. कप्पा बाहेर ओढला की आतल्या बाजूला पदर, आणि त्यात अकरा वेगळ्या. त्या समोर ठेवून चित्र काढायला मथुराबाईंनी डबा चार दिवस दिला. पाचव्या दिवशी सकाळी सातला दारात हजर, परत न्यायला. पेटीच्या मागे, अगदी खाली, बारीक अक्षरात शिवकन्येचं नाव आहे.

ट्रकवाले अजून हॉर्न देतात. ते काही बदललं नाही.

चाळीस वाया गेलेले कागद उत्कर्षने आणून शिवकन्येपुढे टाकले होते. कागद चांगला जाड होता. ते जाळावेत की पुरावेत या विचारात ती होती, तोवर मथुराबाई आल्या, गठ्ठा उचलला आणि अंगणात नेऊन सुरीने पट्ट्या पाडल्या. संध्याकाळपर्यंत त्या गोऱ्या हाताच्या, काळ्या दाराच्या नळ्या वळून टोपलीत पडल्या होत्या, बाकीच्या रद्दीच्या नळ्यांसोबत.

"खळ कमी लागती या कागदाला," मथुराबाई म्हणाल्या. "अजून असला तर आण."