आप्पांचा दुपट्टा

मी देव मानत नाही, असं मी एकदा वडिलांना, म्हणजे आप्पांना, तोंडावर सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी देव मानत होतो. मला फक्त अंगातला शर्ट काढायचा नव्हता. हे एवढंसं खोटं मी अर्धं आयुष्य जपलं, आणि त्याचं ओझं आप्पांनी वाहिलं.

आमचं गाव निपाणीच्या पुढे, कोगनोळीच्या अलीकडे. आम्ही जैन. गावातल्या मंदिराला आम्ही बस्ती म्हणतो. तिथे रोज सकाळी मूर्तीवर पाण्याचा, दुधाचा, उसाच्या रसाचा अभिषेक होतो. तो करणाऱ्या पुरुषाने अंघोळ करून, धोतर नेसून, उघड्या अंगाने उभं राहायचं, फार तर खांद्यावर दुपट्टा. आप्पा तसेच उभे राहत आणि लहानपणी मीही त्यांच्या शेजारी असे. मी वयात आलो तशी माझी छाती बाईसारखी वाढत गेली. विहिरीवर पोरं म्हणायची, "ए आक्का, पदर सांभाळ की." मी पोहणं सोडलं. मग अभिषेक सोडला. आप्पांनी कारण विचारलं तेव्हा म्हणालो, दगडावर दूध ओतून काय मिळतं, मी मानत नाही असलं काही. माझ्यासाठी घासून ठेवलेला छोटा कलश त्यांनी उचलून फळीवर ठेवला.

एवढ्यावर मी थांबलो नाही. आप्पांची छातीही माझ्यासारखीच होती, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. एकदा कॉलेजचे मित्र बेळगावहून घरी आले, तेव्हा आप्पा अंगणात नुसत्या धोतरावर तंबाखूची पानं निवडत बसले होते. मित्र एकमेकांकडे बघून हसले. ते गेल्यावर मी आप्पांना म्हणालो, "लोकांपुढं असं उघडं बसत जाऊ नका. लाज वाटती मला." ते "बरं" म्हणाले. मी ते विसरूनही गेलो.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, बेळगावात टिळकवाडीला फ्लॅट घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात दिवा मालवल्याशिवाय मी बनियन काढला नाही. पन्नाशी ओलांडल्यावर छाती ठणकू लागली, घडीखालची कातडी उन्हाळ्यात सोलवटू लागली, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. पुरुषांमध्येही हे होतं, पुष्कळांना होतं, काही घराण्यांत वडिलांकडून मुलाकडे येतं, असं ते अगदी सहज म्हणाले. आतला टणक भाग कापून काढायचा, भोवतीची चरबी नळीने ओढून घ्यायची, मग काही आठवडे घट्ट जाकीट घालायचं. बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होती. तिला सांगितलं, ऑफिसच्या कामाने हुबळीला चाललोय. आप्पांना तेही सांगितलं नाही.

बेळगावातच दवाखान्यात भरती होताना नर्सने विचारलं, सोबत कोण आहे? भूल द्यायची आहे, कुणीतरी लागेल. मी फॉर्मवरच्या त्या रिकाम्या ओळीकडे बघू लागलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "मी हाय की. लिवा, भाऊ म्हणून."

तो येळ्ळूरचा शेतकरी होता. त्याची बायको वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात होती. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढला होता. भेटीची वेळ सोडून त्याला वर जाता येत नसे, म्हणून तो खालीच बसून असे. त्याने आपलं सगळं एवढ्या सरळपणे सांगितलं की मलाही खोटं बोलवेना. मी हळूच म्हणालो, "माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. कमी करायची आहे." आणि तो हसण्याची वाट बघत राहिलो.

"मग आमच्या बाईला जोडी मिळाली," तो म्हणाला. "सांगतो तिला, खाली एक गडी बी त्याच कामाला आलाय."

तो हसला, आणि नवल म्हणजे मीही हसलो.

ऑपरेशनच्या टेबलावर मी आमचा णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, तो पुरा झाला की नाही ते आठवत नाही. जाग आली तेव्हा छाती आवळलेली होती, दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या निघाल्या होत्या आणि त्यांच्या टोकाच्या बाटल्यांत लालसर पाणी साठत होतं. दंड लाकडासारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्ट्या बदलून जाकीट घालायला सांगितलं, तेव्हा माझं अंग घामाने चिकट झालं होतं. तो भला माणूस गरम पाण्याचं भांडं आणि पंचा घेऊन आला. मी स्वतः पुसतो म्हणालो.

"हात वर करू नका म्हटलंय न्हवं डॉक्टरनं? गप बसा." त्याने पंचा पिळला. "लाजताय काय? शनवारी आमच्या मारुतीला असंच पुसतो मी. त्यो कुठं लाजतोय?"

त्याने माझी मान पुसली, पाठ पुसली, नळ्यांना धक्का न लावता बगला पुसल्या. मी डोळे मिटून घेतले. ज्याने शरमेपोटी देवावर तांब्याभर पाणी घातलं नाही, त्याला कुणीतरी देवासारखं पुसत होतं. मला रडू आवरलं नाही. दुखतंय म्हणून रडतोय असं समजून त्याने नर्सला हाक मारली.

मला घरी सोडलं तेव्हा तो दिसला नाही. बायकोला घेऊन गावी गेला असं कळलं. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं. तो देव होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की माझ्याजवळ कुणी नव्हतं, आणि तो उठून उभा राहिला.

घरचे दिवस फार एकटे गेले. कुशीवर वळायचं नाही, उताणं पडून पंख्याकडे बघायचं. छाती आधी निळी झाली, मग पिवळी. काही जागी बोट लावलं तरी कळेना, काही जागी रात्रभर खाज. जाकीट धुऊन वाळेपर्यंत दार लावून उघडं बसावं लागे. अखेर एकदा बायकोला फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय दिसत नव्हतं व्हय? तुम्हीच बोलत नव्हता." सूज उतरली, ठणका थांबला, छाती सपाट झाली. डॉक्टर खूश होते, मीही होतो. तरी दुधवाल्याने बेल वाजवली की माझा हात आधी टॉवेलकडे जाई. डॉक्टरांनी मांस काढलं होतं, भीती तिथेच होती.

पडल्या पडल्या मला बस्तीतली मूर्ती आठवे. हात सोडून ताठ उभी, अंगावर धागा नाही. आमच्यात त्या उभं राहण्याला कायोत्सर्ग म्हणतात, म्हणजे देहाचा सोस सोडून देणं. जो काहीच झाकत नाही, त्याच्यापासून मी अंग झाकत आलो होतो. शरण जाणं म्हणजे काही मोठं करणं नसावं. त्या माणसापुढे मी जसा गप बसलो, तसं बसणं असावं.

हात वर करायची परवानगी मिळाल्यावर मी पहाटेची बस धरून गावी गेलो. अंघोळ केली, धोतर नेसलो, वर बनियन ठेवून बस्तीत गेलो. आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. ते अभिषेक करत होते. दुपट्टा त्यांनी छातीवरून घट्ट गुंडाळून मानेमागे गाठ मारली होती. कलश उचलला की तो सरके, आणि ते थांबून एका हाताने सारखा करत.

मी पूजा करणाऱ्या उपाध्यांना हळूच विचारलं, "आप्पा असं कधीपासनं बांधतात?"

"लई वर्सं झाली. तू कॉलेजात हुतास न्हवं, तवापासनं."

मी पायरीवर बसलो. मग बनियन काढून बाजूला ठेवला आणि आत गेलो. आप्पांनी माझ्या छातीवरचे व्रण पाहिले.

"हे काय रं?"

"ऑपरेशन केलं, आप्पा."

"दुखतंय?"

"न्हाय."

त्यांनी हातातला कलश खाली ठेवला. "तू तर देव मानत न्हाईस न्हवं?"

मी त्यांच्यामागे जाऊन दुपट्ट्याची गाठ सोडली. पुष्कळ वर्षांच्या सवयीची गाठ, ती सुटायला वेळ लागला. दुपट्टा त्यांच्या खांद्यावर नीट टाकला आणि वाकून त्यांचे पाय धरले.

"ते खोटं हुतं, आप्पा. आणि तुमास्नी झाकून बसा म्हणलो, ती लाज माझी हुती, तुमची न्हवती. चुकलो मी. मला माफ करा."