वाढीचे कारण कळवावे

आमच्या बेटावर गुन्हे दरवर्षी कमी होत असत. सत्तरचं दशक संपताना आणि ऐंशीच्या सुरुवातीला तर ते इतक्या शिस्तीत कमी होत होते, की चोरांनीच कुठेतरी बसून तसा ठराव केला असावा असं वाटावं. वर्षातून एकदा रेडिओवर कुणीतरी घसा खाकरून ही बातमी सांगायचं आणि आमच्या फिनिक्स गावात गल्लीतले लोक दाराला दोन-दोन कुलपं लावून ती ऐकायचे. शेजारचे निवृत्त मास्तर मान डोलवत म्हणायचे, "बघा, स्वातंत्र्य मिळाल्यावर माणसं कशी सुधारतात!" त्याच आठवड्यात त्यांची सायकल व्हरांड्यातून गेली होती. पण मास्तरांचा विश्वास सायकलीवर नव्हता, रेडिओवर होता.

तो आकडा मी करायचे.

राजधानीतल्या एका सरकारी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, माझं टेबल होतं. बेटावरच्या प्रत्येक चौकीतून महिन्याला एक तक्ता यायचा. चोरी, घरफोडी, मारहाण, असे रकाने. मी ते हँडल फिरवायच्या बेरजेच्या यंत्रावर जुळवायचे, बेरीज करायचे आणि मोठ्या साहेबांसमोर ठेवायचे. हे साहेब सहा महिने विलायतेला राहून आले होते आणि येताना फक्त एक शब्द घेऊन आले होते. ट्रेंड! सकाळी ट्रेंड, जेवणानंतर ट्रेंड. त्यांच्या खोलीत भिंतीवर आलेखाचा लांबलचक कागद होता आणि लाल पेन्सिल दोऱ्याला बांधून ठेवलेली होती, कारण ती कुणी चोरेल अशी त्यांना भीती वाटायची. गुन्हे कमी झाल्याचं जगाला सांगणारा माणूस स्वतःची पेन्सिल बांधून ठेवतो, यात काही विनोद आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

रेघ खाली गेली की साहेब खूश. वर गेली की त्यांच्या पोटात जळजळ. एकदा अशीच जळजळ होत असताना त्यांनी मला बोलावलं. माझं इंग्रजी चांगलं म्हणून मला पत्र लिहायला सांगितलं. ज्या चौकीचा आकडा वाढेल तिला जायचं पत्र. मी तीन वाक्यांत लिहून दिलं. आपल्या हद्दीतील गुन्ह्यांत मागील महिन्याच्या तुलनेत वाढ दिसून येते. वाढीचे कारण कळवावे. केलेली उपाययोजना चौदा दिवसांत कळवावी. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वा! धाक आहे यात." खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला पाठ म्हणून दाखवलं होतं मी ते.

ज्यांचा आकडा कमी व्हायचा त्यांना मात्र पत्र नाही. कमी व्हायला आमच्याकडे कारण लागत नसे.

मग काय व्हायचं ते झालं. चौकीचा सार्जंट झाला तरी माणूसच. महिन्याच्या शेवटी कारणं लिहीत बसायची हौस कुणाला असते? दोन-चार महिन्यांत सगळ्या चौक्या शहाण्या झाल्या. चोरी झाली की 'वस्तू हरवली'. डोकं फुटलं की 'बोलाचाली'. एका गावात तर एका बिचाऱ्याच्या छपराचे पत्रे हरवले होते. पत्रे हरवतात? हा बाबा शेतावर गेला असताना ते उठून फिरायला गेले होते की काय? आम्ही कचेरीतल्या बायका चहाच्या वेळी तक्त्यांवरचे असले शेरे वाचून खो खो हसायचो. मी तर फार हसायचे. साहेबांची अक्कल, सार्जंटांची अक्कल, रेडिओची अक्कल, मास्तरांची अक्कल, सगळ्यांना मी नावं ठेवायचे आणि दुपारी तीच बेरीज करून सही करायचे. आपल्याला कळतंय ना, म्हणजे आपण त्यांच्यातले नाही, असा माझा पक्का समज होता.

माझी धाकटी बहीण ग्रां बुआ गावाच्या पलीकडे उसातल्या एका गावात दिलेली. नवरा उसाच्या लॉरीवर ड्रायव्हर. दिसायला देखणा, आमच्या लोकांच्या बैठकेत भजनाला पुढे, आणि घरी हात उचलणारा. हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या सासूला माहीत होतं, आमच्या आईला माहीत होतं, बैठकेतल्या म्हाताऱ्यांनाही माहीत होतं. "घरातलं घरात ऱ्हाऊ दे," हे एक वाक्य आमच्या आजा-पणजांनी बोटीतून आणलं आणि ते मात्र कुणी हरवलं नाही. बाकीची भाषा निम्मी-अर्धी विसरले सगळे.

एका सोमवारी सकाळी मी बससाठी निघत होते, तर ही दारात उभी. पहिल्या बसनं आली होती. उजवा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, कोपर नको त्या बाजूला वळलेलं. चेहरा असा की जणू तिनंच काही गुन्हा केलाय.

"अक्का, तुला कामावर जायचं आसंल," म्हणाली.

कपाळ माझं! मी तिला आधी इस्पितळात नेलं. हात प्लास्टरमध्ये गेला. मग मी म्हणाले, "चल आता चौकीत."

"नको गं. लापोलिस चौकीत बायका जातात काय?"

"जातात. मी नेते."

तिच्या गावाजवळच्या चौकीत गेलो तेव्हा दुपार झाली होती. सार्जंट पाव खात होता. त्यानं हिचा हात बघितला, माझ्याकडे बघितलं आणि घास न थांबवता म्हणाला, "नवरा-बायकोचं आहे, मदाम. पडली असं लिहितो."

"कशावरून पडली?" मी म्हणाले. "त्यांच्या घराला जिना नाही. विहीर नाही. सपाट अंगणात पडून कोपर असं उलटं होतं का हो? तुम्ही पडून दाखवा बघू."

"मग काय लिहू?"

"जे झालं ते लिहा. नवऱ्यानं मारलं."

त्यानं सुस्कारा सोडला. "तसं लिहिलं की आकडा चढतो, मदाम."

तेव्हा मी माझ्या कचेरीचं नाव घेतलं. "तुमचे आकडे कुणाकडे येतात ठाऊक आहे का? माझ्याकडे येतात. मीच बघते ते," असं मी तोऱ्यात म्हणाले. त्यानं पाव खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि उभं राहून वही उघडली. लिहिलं त्यानं. मारहाण. हिनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. नवऱ्याला बोलावून जबाब घेऊ, पुढं कोर्टात जाईल, असं सार्जंट म्हणाला. माझा आनंद काय सांगू! इतकी वर्षं त्या कचेरीत घालवल्याचं पहिल्यांदा सार्थक झालं असं वाटलं मला.

परतीच्या बसमध्ये हिनं प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवून घेतला. मग म्हणाली, "म्हंजे मला माघारी जायाला नको?"

"अजिबात नको. केस उभी राहू दे. तू माझ्याकडेच राहायचंस."

"भाऊजी काय म्हंतील?"

"त्यांना मी बघते."

ती आमच्या पुढच्या खोलीत राहू लागली. गादी सकाळी गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची, कुणाच्या पायात यायला नको म्हणून भिंतीला चिकटून बसायची. मी कितीदा ओरडले, नीट बस म्हणून. चौथ्या-पाचव्या दिवशी एका हातानं कणीक मळायला लागली. आठवड्याभरानं शेजारच्या मास्तरीणबाईंशी कुंपणावरून इथल्या क्रिओल बोलीत गप्पा मारताना मी तिला मोठ्यानं हसताना ऐकलं. लग्नानंतर तिचं हसणं मी ऐकलंच नव्हतं. ते इतकं घोगरं आहे हे विसरून गेले होते मी.

महिना संपला, तक्ते आले. तिच्या चौकीच्या मारहाणीच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य असायचं. या वेळी एक होता. निळ्या शाईतला, बारीक, पण होता. इतर आकडे खोटे, हा एक तेवढा खरा आणि तो माझ्या घरात जेवतोय, असं मनाशी म्हणत मी तो बेरजेत धरला. संध्याकाळी घरी जाऊन तिला सांगितलं, "तू सरकारच्या हिशेबात आलीस बघ." तिला काही कळलं नाही, पण मी खूश आहे म्हणून तीही खूश झाली.

दोन दिवसांनी साहेबांची नेहमीची धांदल सुरू झाली. वर कुणाला तरी भाषण करायचं होतं, त्यांना ट्रेंड हवा होता. टायपिस्ट बाईंनी रिवाजाप्रमाणे वाढलेल्या चौक्या वेगळ्या काढल्या, प्रत्येकीच्या नावाचं पत्र टाइप केलं आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. साहेबांच्या वतीनं सही मीच करायची. मी सह्या करत होते आणि शेजारच्या बाईला साहेबांची नक्कल करून दाखवत होते. ते खिडकीशी उभे राहून ट्रेंड हा शब्द कसा ओठ गोल करून म्हणतात, पोटावर हात कसा ठेवतात, सगळं. ती हसून हसून टेबलावर वाकली. माझा हात चालूच होता. एकही पत्र मी वाचलं नाही. वाचायचं काय त्यात? मीच तर लिहिलेलं होतं.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी घरी आले तर पुढची खोली रिकामी. गादी गुंडाळलेली, तिच्या कपड्यांचं बोचकं नाही. माझा नवरा कामावरून नुकताच आलेला, त्याला काही पत्ता नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, दुपारी एक पोलीस येऊन गेला, मग ही गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या ड्रायव्हरनं सार्जंटला फितवलं, धमकावलं हिला, असंच मी धरून चालले. आता बघतेच एकेकाला! रविवार उजाडेपर्यंत मी काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं.

रविवारी गेले तेव्हा ती अंगणात भाजी निवडत बसली होती. तिचा नवरा बैठकेत गेलेला. प्लास्टर अजून होतं, मळलेलं. मला बघून ती लगबगीनं उठली.

"कुणी धमकी दिली तुला?" मी उभ्या उभ्याच विचारलं. "नाव सांग."

"कुनी न्हाय दिली, अक्का."

"मग केस?"

"माघारी घेतली म्या."

"का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण वेड पांघरून बसलेल्या माणसाकडे बघतो. रागानं नव्हे. जरा कीव करून.

"सार्जंट आला व्हता," म्हणाली. "तू कामावर गेल्यालीस. त्यानं कागुद दाखीवला. मला इंग्रजी कुठं येतंया, त्यानंच वाचून सांगितलं. म्हन्ला, बघ, तुजी बहीनच इचारतीया हे कशाला वाढीवलं म्हनून. मला वाटलं खोटं बोलतोय. पन खाली सही तुजी व्हती गं. तुजी सही काय मी वळखत न्हाय?"



"मी लय इचार केला," ती सांगत राहिली. "म्हन्लं, अक्काला तोंडावर सांगवत नसंल. इतकं दीस तिच्या घरात ऱ्हायले, भाऊजी काय बोललं असतील, हापिसात बी काय नाव निघालं असंल. ती बिचारी कशी सांगंल, जा म्हनून? म्हनून कागुद धाडला आसंल." मग तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "मला राग न्हाय आला. खरंच न्हाय. तसंच व्हतं न्हवं?"

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं. की माझ्या मनात तसं काहीच नव्हतं, की पत्र मी पाठवलं पण तुझ्यासाठी पाठवलं नव्हतं, की सगळ्या बेटाच्या अकलेला हसणारी तुझी मोठी बहीण साहेबांची नक्कल करण्यात इतकी रंगली होती, की तुझ्या चौकीचं नाव कागदावर असताना तिनं खाली नजरसुद्धा टाकली नाही. तू मला जड झालीस, हे तिला समजण्यासारखं होतं. असलं तिनं आयुष्यभर बघितलं होतं. मी वाचलंच नाही, हे मात्र तिला कसं समजावं? आणि ते सांगायची मला लाज वाटली. त्या क्षणी तिच्या हातापेक्षा, तिच्या पुढच्या सगळ्या दिवसांपेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

"हो," मी म्हणाले. "तसंच होतं."

"मंग बरं केलं म्या," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच हायसं वाटल्यासारखं दिसलं. "बस तू. च्या टाकते." आणि ती आत गेली.