पांढऱ्या डोंगरावरून भाईच्या मातीला

भाई जुबैलला वारला. सकाळी सात वाजता वायरलेसवर निरोप आला. दफन उद्या, जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर. तो अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावर, मी देशाच्या दुसऱ्या टोकाला होतो.

मदिनेच्या उत्तरेला लाव्हाचं पठार आहे, तिथे सर्वेक्षणाच्या तळावर मी नकाशे काढत असे. हवाई फोटो भिंगाखाली ठेवायचे आणि ज्वालामुखींची तोंडं शाईने कागदावर उतरवायची. दोन वर्षांत मला प्रत्येक तोंडाचा नंबर पाठ झाला होता, पण तळावरच्या हेलिकॉप्टरमध्ये मी एकदाही बसलो नव्हतो. भीती वाटायची. माझा मोठा भाऊ, भाई, जुबैलच्या कारखान्यात फिटर होता. तो पत्रात लिहायचा, "सगळी दुनिया वरून काढतोस आणि वर जायला घाबरतोस! एकदा मला बसव, मी सांगतो कशी दिसते ती."

अब्बा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. रत्नागिरीच्या कबरस्तानात भाईने माझी मूठ आपल्या हातात धरून तीन वेळा माती टाकायला लावली होती. आता त्याला माती द्यायला घरचं कुणी असेल तर मीच. आणि बाहेर आखातातली लढाई सुरू होती. पूर्वेकडची विमानं बंद होती. आमचं हेलिकॉप्टरही परवानगीअभावी आठ दिवस ताडपत्रीखाली पडून होतं. जीपने डांबरी रस्ता गाठायला दीड दिवस लागायचा, कारण लाव्हाचा दगड टायर चिरतो. मी हिशेब केला आणि चटईवर बसून राहिलो.

आमचे स्वयंपाकी दाऊदचाचा श्रीवर्धनचे. चहा पुढे ठेवून म्हणाले, "बसून काय होणार रे? वजू कर, हातपाय धुऊन दोन रकात नमाज पढ. रस्ता काढणारा तू नाहीस."

"इथून रस्ताच नाही, चाचा. नकाशा मीच काढलाय."

"मग तुझ्या नकाशातच खोट असेल."

मला राग आला. त्या काळात माझी नमाज सवयीची झाली होती. मी मागायचं सोडून दिलं होतं. तरी उठलो आणि दोन रकात पढलो. तोंडातून एवढंच निघालं, की मला पोचव. नमाज आटोपून चटई गुंडाळत होतो, तेवढ्यात वैमानिक तंबूच्या दाराशी आला. हा न्यूझीलंडचा माणूस, फार न बोलणारा. परवानगी आली होती, एकाच उड्डाणाची: हेलिकॉप्टर डांबरी रस्त्यावरच्या गावी हलवायचं. तो म्हणाला, "शेजारची सीट रिकामी आहे. दहा मिनिटांत निघतो."

जमीन सुटली तेव्हा मी डोळे मिटले आणि हाताला जे लागलं ते घट्ट पकडलं. कानातल्या यंत्रातून त्याचा शांत आवाज आला, "ते सोड. त्याने दार उघडतं." मी डोळे उघडून पाहिलं. जीव वाचवायला धरलेली मूठ दाराच्या कडीवर होती. हात सोडवायला वेळ लागला. मग ते दोन्ही हात कुठे ठेवावेत हे न कळून मी मांडीवर उताणे ठेवले, दुआला ठेवतात तसे.

तो आपल्या देशात प्रवाशांना ज्वालामुखी आणि हिमनद्या दाखवत फिरवायचा. दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलावं हे त्याला माहीत नसावं, म्हणून त्याने येत होतं तेच केलं. "डावीकडे काळा प्रवाह. कडेला घड्या पडल्यात बघ, साय गोळा होते तशा." आधी मला ते निर्दयी वाटलं. मग मी पाहू लागलो. जिथे मी शाईची रेघ ओढली होती, तिथे काळा दगड खरोखरच नदीसारखा वळत गेला होता. आणि त्या काळ्यातून एक पांढरा डोंगर वर आला. "आमच्याकडे असता तर बर्फ म्हटलं असतं," तो म्हणाला. "ही राख आहे." माझ्या नकाशावर ती जागा नुसती कोरी होती. मी मनातल्या मनात भाईला सांगू लागलो, कसं दिसतं ते. सांगता सांगता सकाळपासून अडलेलं रडू आलं. वैमानिकाने यंत्र त्या डोंगराभोवती एकदा सावकाश फिरवलं.

गावातून कंपनीची गाडी मिळाली. रात्रभर चाललो, तरी दुसऱ्या दिवशी जुबैलला पोचायला जोहर उलटून तास झाला होता. कबरस्तानाच्या फाटकाशी भाईचे सोबती दिसले आणि मी समजलो की संपलं. त्यांच्यातला एक पुढे येऊन म्हणाला, "हल्ल्याचा सायरन वाजला होता, सगळे आसऱ्याला गेलो. जनाजा आता उचलतोय. चल." त्या सायरनने कुणाकुणाची मुलं घाबरली असतील, तो माझ्यासाठी वाजला असं मी म्हणणार नाही. पण मला वेळ दिला गेला, आणि देणारा कोण याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

जुबैलची माती म्हणजे वाळूच. मूठ आवळली की बोटांतून निसटते. मी ओंजळ सैल धरली आणि तीन वेळा माती दिली.

त्या वैमानिकाची पुन्हा भेट झाली नाही. दाऊदचाचाही आता नाहीत. भाईची कबर तिथेच आहे, तिथल्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर नाव नाही. माझ्याकडे तो नकाशा आहे, त्यावरची कोरी जागा मी भरलेली नाही. आणि पाच वेळची नमाज आहे.