दाजींचा धोंडा जैसलमेरला

आमचे दाजी आज सकाळी मेले. एकदाचे.

घाईघाईनं हात जोडलेले इमोजी टाकू नका. आधी वाचा, मंग टाका.

चहात साखर कमी पडली म्हणून ताईवर ओरडत होते म्हणं. ओरडता ओरडताच खाली बसले. वाक्य अर्धं राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी मधी तोडलं.

दाजी म्हंजे माझ्या सख्ख्या बहिणीचा, छायाताईचा नवरा. नांदूरघाटच्या आमच्या घरात ह्या माणसाचा एकच धाक होता. दाजी रुसले की ताईचं माहेर बंद.

एकदा आईनं त्यांच्या आधी माझ्या ताटात भाजी वाढली, तर दोन दिवाळ्या ताई आली न्हाई.

म्हणून सगळे गप. आप्पा गप, आई गप. ताई तर लग्नापासून गप.

एका साली धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आलता. आपल्यात जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, काहीतरी द्यायचं. लोक अंगठी मागतेत. दाजींनी वाळवंट मागितलं.

हापिसातल्या कुणीतरी उंटावर बसलेला डीपी ठेवलता. यांना तसाच पायजे होता.

आप्पांची जीप चौसाळ्याच्या पुढं कधी गेली न्हवती. तरी म्हणाले, पाव्हणं म्हणतेत तर जाऊ.

पुढं दाजी. मागं आप्पा, आई, ताई आणि आईच्या मांडीवर स्टोव्ह. ड्रायव्हर मी.

अख्खा गुजरात दाजी मला 'दहावी नापास' म्हणत होते. मी नववीतच शाळा सोडलेली, पण जावयाला दुरुस्त कोण करणार?

मधीच सांगतो, उंटाच्या पापण्या लई लांब असतेत. वास बेक्कार, पण डोळे असे की वाटतं आत्ता रडंल. मी नंतर त्या भागात तीनदा गेलो, निस्ते उंट बघायला. असू द्या. विषय दाजींचा हाय.

आईनं जैसलमेरच्या लॉजवर, खोलीतच, पहाटे उठून धोंडे उकडले. पण दाजींना ते खोलीत खायचे न्हवते. व्हिडिओ काढायचा होता, मागं वाळू पायजे.

गावाच्या पुढं बरंच गेल्यावर म्हणाले, डांबरी सोड, आत घे. मोबाईलला रेंज न्हवती, पण दाजींच्या हुकमाला होती.

आत आत जाऊन एका झाडाखाली थांबलो. आपल्या शमीसारखं झाड, सावली चाळणीसारखी. आईनं सतरंजी टाकली, दाजींनी चपला काढल्या, आईनं परात काढली.

आमच्याकडं एकच जार पाणी उरलं होतं. मी म्हणलं, आई, जीप तापलीय, पाणी राहू दे.

दाजी म्हणाले, "राहू द्या मामी. तुमच्यात जावयापेक्षा जीप मोठी."

झालं. आईनं अख्खा जार त्यांच्या पायावर रिकामा केला. जरा कमी पडलं तर ताई येणार न्हाई, ह्या भीतीनं. परातीतलं पाणी रीतीप्रमाणं बाजूला ओतलं. वाळूनं एका घोटात पिलं.

जीप काही चालू झाली न्हाई. बॉनेट उघडलं तर नुसती वाफ.

थोड्या वेळानं दाजींनी पाणी मागितलं. आमी सगळ्यांनी त्यांच्या पायाकडं बघितलं.

मंग ते पेटले. धोंड्याला बोलावून मारायचा डाव हाय म्हणाले. आप्पांना म्हातारा भिकारी म्हणाले, आईला नको ते म्हणाले. शेवटी नेहमीचं काढलं.

"आजपासून हिचं माहेर बंद. तुमी मेलात तरी येणार न्हाई ही."

आईनं पदर तोंडात धरला. आप्पा हात जोडायला उठतच होते.

आणि ताईनं ताटातला एक धोंडा उचलला. जावयाच्या ताटातला. तुपात बुडवला, खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली,

"करा बंद. पण माझं सासर कुणीकडं हाय ते तरी दाखवा. मला तर चारी बाजूनी वाळूच दिसतीय."

पहिले आप्पा हसले. मंग आई. मंग आमी असे हसलो की कोरड्या घशानं खोकला लागला.

दाजी तरातरा टेकडी चढून निघाले. चपला सतरंजीजवळच. धुतलेले पाय, मे महिन्याची वाळू. निम्म्यातच नाचायला लागले. नाचत नाचत परत आले.

एक उंटवाला आला, त्यानं पखालीतलं पाणी आधी जीपला पाजलं. दाजींच्या तळव्याला हे मोठे फोड. जीपमधी आमच्यासंगं बसायला तयार न्हवते, म्हणून त्यांना उंटावर पालथं टाकून डांबरीपर्यंत आणलं. फोटो मी काढला. डीपी ठेवला न्हाई त्यांनी.

इथपर्यंत सांगितलं की लोक हसतेत. मीबी इथंच थांबतो दरवेळी.

आज पुढचं सांगतो.

ताई खरंच आली न्हाई. एकदाबी न्हाई. तिचा फोन काढून घेतला. आमी दारात गेलो तर दार लावलं.

आप्पा गेले तवा मी दाजींना फोन केलता. म्हणलं, फक्त तोंड बघू द्या. मयत संध्याकाळपर्यंत ठेवतो.

दाजी म्हणाले, "वाळवंटात हसले होते न्हवं? आता रडा."

ताईला राख सावडल्यावर कळलं.

तर आज आमी गेलो. रीतीप्रमाणं माहेरची साडी घेऊन. आई वाकून गेलीय, धरून न्यावं लागतं. बायकांनी वाट करून दिली. सगळ्या बघत होत्या, आता माय-लेकी गळ्यात पडून रडणार.

ताई रडली न्हाई. आईच्या कानाला लागून इचारलं,

"तेराव्यापर्यंत थांबावंच लागतं का गं?"

आई म्हणाली, लोक नावं ठेवतेत, थांबावं लागतं.

ताई उठली. आतून कापडाची पिशवी आणली, भरलेलीच होती. सगळ्यांच्या देखत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, गाडीत ठेव.

ठेवली.

दाजी, नीट जा. ताईला आमी घेऊन चाललोय.