खेमसिंगची सोळा पानं

परवा यवतमाळला वाचनालयं चालवणाऱ्यांची बैठक होती. चहाच्या वेळी जो तो आपापल्या वाचकाची फुशारकी मारू लागला. एकाचे वकील वर्षाला तीनशे पुस्तकं वाचतात, दुसऱ्याच्या मास्तरीणबाईंना म्हणे कपाटं पुरत नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आमच्या ढाणकीचा खेमसिंग आडे वर्षाला चार पुस्तकं वाचतो. तुमचे सगळे एका पारड्यात बसवा, माझा खेमसिंग भारी भरेल."

मंडळी खो खो हसली. मला राग लवकर येतो हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, पण त्या दिवशी आला नाही. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे १९६२ साली, मीही त्यांच्यासारखाच हसलो असतो. हसलोच होतो.

खेमसिंग ढाणकी-फुलसावंगी वाटेवरच्या एका तांड्यावरचा. त्याच्या आजाने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला, बापाने जमीन धरली, आणि हा आता कपाशी-ज्वारी करतो. शाळा चौथीपर्यंत. वयाच्या पस्तिशीत, एका बाजाराच्या दिवशी, तो वाचनालयाच्या पायऱ्या चढून आला आणि सभासद करा म्हणाला. मी केलं. ग्रंथपाल होतो, नाही म्हणायला कारण नव्हतं. पण हा माणूस दोन महिन्यांत पुस्तकाच्या चिंध्या करून परत आणणार, असं मनात म्हणालोच.

पुस्तक परत आलं ते कोऱ्या कापडात बांधून, फक्त वेळेवर कधीच नाही. आमचा नियम पंधरा दिवसांचा. मी कार्ड टाकून टाकून थकलो. शेवटी एकदा विचारलं, "अरे, तू वाचतोस तरी कसा?" तेव्हा त्याची रीत कळली.

दुपारी औत सोडलं, बैलांना पाणी दाखवलं की हातपाय धुऊन तो बांधावरच्या बाभळीखाली बसायचा. तोंड मुद्दाम वाटेकडे नाही, कुंपणाकडे, म्हणजे येणारा-जाणारा दिसायला नको. एक पान वाचायचा, फार झालं तर दोन. मग पुस्तक मिटून घरी, आईकडे. आई म्हणजे भुरीबाई. तिला अक्षरओळख नाही आणि पुस्तकी मराठीही फारशी कळत नाही. तिला ते पान तो गोर बोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, सांगायचा.

"मायले सांगता आलं त पान वाचलं, बाबूजी. नाही त नुसतं पाह्यलं," तो म्हणाला.

म्हातारी नुसतं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. ती बाई तिकडे काहून गेली? तिच्या लेकराला तेव्हा कोण सांभाळत होतं? उत्तर देता आलं नाही की खेमसिंग तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचा. हळूहळू शेजारणी येऊन बसू लागल्या, मग त्यांचे नवरे. पुस्तक एक, वाचणारा एक, आणि ऐकणारे वीस.

न कळलेल्या शब्दाची त्याची तऱ्हा निराळीच. प्रत्येक शब्दामागे एक सरकी बंडीच्या खिशात. बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलावर सरक्यांची रांग मांडायचा आणि एकेक उचलून एकेक शब्द विचारायचा. एकही विसरायचा नाही. मला मात्र निम्म्या शब्दांचा अर्थ येत नसे. मी ठोकून द्यायचो. तो माझ्याकडे पाहायचा, सरकी पुन्हा खिशात टाकायचा आणि म्हणायचा, "पुढच्या बाजारी सांगा." असा माझा जीव काढायचा!

आणखी एक नेम होता. "भांडून आलो त पुस्तक उघडत नाही. डोये पानावर अन् डोकं भांडनात. मंग वाचलं कोनं?"

मी स्वतः त्या काळी एका बैठकीत कादंबरी संपवणारा माणूस. सुपारी कातरत, गप्पा मारत, पानं उलटत. वाचनालयात एक अभिप्रायाची वही होती, आणि नव्या पुस्तकावर पहिला अभिप्राय माझाच असला पाहिजे असा माझा हट्ट.

त्या वर्षी पुण्याहून एक जाड कादंबरी आली होती. सगुणा नावाची तरुण विधवा दिराच्या जाचातून निसटून नदीकाठी येते, तिची गोष्ट. तेरा जणांनी ती वाचली. चौदावा खेमसिंग. दिवाळीआधी नेलेलं पुस्तक पौष उजाडला तरी आलं नाही. आणि मग एका बाजाराच्या दिवशी, वाचनालय माणसांनी भरलेलं असताना, तो आला. सरक्या काढल्या नाहीत. पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"बाबूजी, याची मधली पानं कोठी आहेत?"

मी पाहिलं. एकशे बारा, आणि समोर एकदम एकशे एकोणतीस. सोळा पानं गायब. माझं डोकं भडकलं.

"मलाच विचारतोस? दोन महिने पुस्तक तुझ्या घरी, आणि पानं मी दाखवू? चुलीत घातलीस की विड्या वळल्यास?"

खेमसिंगचा चेहरा काळवंडला. मी थांबलो नाही. नोंदवही ओढली आणि सगळ्यांदेखत त्याच्या नावावर लाल शाईची रेघ मारली. पुन्हा पायरी चढू नको म्हणालो. आज हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते.

तो गेला नाही.

"नाव काटलं त काटलं. पन चोर म्हनून मी तांड्यावर जाणार नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माह्याआधी वहीत तेरा जनायची नावं आहेत. त्यायले विचारू. सगुणा नदीपार कशी गेली? ज्यानं पानं पाह्यली तो सांगन. एकानंही सांगितलं, त पानं मीच फाडली."

त्या तेरांपैकी दोघे समोरच बसले होते. एक आमचे अध्यक्ष कमलाकरराव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "होडीतून गेली. दुसरं कसं जाणार?"

"पन नावाडी त नाही म्हनला व्हता. नदीले पूर व्हता. अन् पुढं एकशे एकोणतीसवर ती त्याले भाऊ म्हन्ते, शायेत पोरी शिकोते. नावाडी भाऊ कधी झाला? शाया कोनं देल्ली?"

कमलाकररावांनी वर्तमानपत्र उचललं.

दुसऱ्या रत्नप्रभाबाई, मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका. त्या उठून उभ्या राहिल्या. मान खाली घालून म्हणाल्या, "मलाही तिथे काही अर्थ लागला नव्हता. एकशे बाराव्या पानाचं शेवटचं वाक्य अर्धंच तुटतं. मला वाटलं, माझंच लक्ष नाही. विचारायची लाज वाटली, म्हणून तशीच पुढे गेले."

मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी अभिप्रायाची वही उघडून मोठ्याने वाचलं. पहिलाच अभिप्राय, खाली माझी झोकदार सही: "अतिशय ओघवती कादंबरी. कुठेही न अडखळता वाचून होते."

हसू फुटलं ते खिडकीबाहेरच्या भाजीवाल्यांपर्यंत ऐकू गेलं असेल. मी पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. पाठ घट्ट, शिलाई जशीच्या तशी, फाडल्याची खूण कुठे नाही. सोळा पानांचा सबंध फर्मा छापखान्यात बांधायचाच राहिला होता. तेरा शिकलेली माणसं अर्ध्या वाक्यावरून उडी मारून गेली, आणि ज्याला मी चोर म्हणालो तो एकटा काठावर थांबला.

मी उठलो. हात जोडले. म्हणालो, "खेमसिंगभाऊ, चूक माझी. माफ करा." रेघ खोडता येत नव्हती, म्हणून नवीन पानावर त्यांचं नाव पुन्हा लिहिलं, तेही सगळ्यांदेखत.

ते एवढंच म्हणाले, "ते ठीक आहे. पन पानं मांगवा. माय रोज इचारते. तांडा नदीवरच उभा आहे."

मी दुसरं पुस्तक देऊ केलं. घेतलं नाही. एक अर्धं सोडून दुसरं धरायचं नाही, हाही नेमच.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला प्रकाशकांना पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी कार्ड आलं. पानं वेगळ्या टपालाने पाठवत आहोत, झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आणि खाली एक ओळ: या आवृत्तीच्या शेकडो प्रती गावोगाव गेल्या, परंतु यासंबंधी आलेले हे पहिलेच पत्र. ती ओळ मी किती जणांना वाचून दाखवली याचा हिशेब नाही. पुणे-मुंबईच्या वाचकांना जे दिसलं नाही ते आमच्या तांड्यावर दिसलं होतं! माझ्या घरात कुणी पहिला नंबर काढला असता तरी मला इतकी ऐट आली नसती.

पाकीट आलं त्या दिवशी बाजाराची वाट पाहवेना. सायकल काढली आणि दुपारच्या उन्हात तांडा गाठला. पाकीट फोडलं नव्हतं. एकदा वाटेत मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

बाभळीखाली माणसं जमलीच होती. मी आलेला पाहून आणखी आली. खेमसिंगांनी हात धुतले, पाकीट फोडलं, पानं पुस्तकात जागच्या जागी ठेवली. भुरीबाई गोधडीवर पुढेच बसली होती. दंडभर बांगड्या, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत. मला समजावं म्हणून ती मोडक्या वऱ्हाडीत बोलली.

"तू त पुस्तकवाला बाबूजी. तुनं त पह्यलेच वाचलं म्हन्ते. मंग सांग, सगुणा पार कशी गेली?"

वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. या वेळी मी ठोकून दिलं नाही.

"ठाऊक नाही, माय," मी म्हणालो. "मी वाचलंच नव्हतं."

तिने मान हलवली, थोडी सरकली आणि गोधडीवर शेजारी जागा केली. "मंग बस अठी," ती म्हणाली, "आमच्यासंगं ऐक."