खुरसापुढचं गाऱ्हाणं

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, कॉलेजातली मुलं चिडवतात, अजून चर्चला कशी जातेस म्हणून. तुझी ती उत्तरांची वही पाठव ना." मी हो म्हटलं, वही काढली आणि तीन दिवस टेबलावर नुसती ठेवली. पाठवीन. पण त्या वहीतलं एक उत्तर मी कसं वापरलं, ते आधी वाचा. हे मी तुमच्या आईबाबांनाही सांगितलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी धर्मशिक्षणाचा टपालाने अभ्यास केला. ही वही तेव्हाचीच: डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, खाली शास्त्राचा आधार. सगळं पाठ होतं, पण विचारणारं कुणी नव्हतं. मालवणातल्या आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं चारच. चतुर्थीला शेजारून मोदक यायचे, नाताळात आमच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जायच्या. वाद घालायला कुणाला सवड होती?

शेजारचे भाऊ तुमच्या आजोबांचे लहानपणापासूनचे मित्र. वाडीत कुणाचं काही अडलं की देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. खणखणीत आवाज. आमच्या वाटेवरच्या क्रुसापाशी, आमच्या बोलीत खुरसापाशी, मे महिन्यात लदीन होते, म्हणजे संध्याकाळी जमून गायची प्रार्थना. तिलाही ते दर वर्षी मेणबत्ती आणि नारळ घेऊन यायचे.

आजोबा गेले त्या वर्षी त्यांचं हृदय थकलं होतं. त्यांना खुर्चीत बसवून क्रुसापाशी आणलं. भाऊंचा नारळ बघून ते म्हणाले, "अरे मेल्या, खुरीस नारळ खाणा नाय!"

"तो खाणा नाय, पण तू खातंस मां!"

सगळे हसले. लदीन संपली आणि भाऊ हात जोडून पुढे झाले. "बा देवा खुरसा म्हाराजा, ह्यो माजो दोस्त आजारी आसा. तेका बरो कर आणि पुढच्या वर्साक आपल्या पायांनी हयसर येवंदे, म्हाराजा!" सवयीने सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. आमच्या ख्रिस्ती बायकांनीसुद्धा.

मुंबईहून आमचे एक नातेवाईक आले होते, चर्चच्या कामात मोठे. ते माझ्या कानाशी म्हणाले, "तुमच्याकडे हे चालतं?"

माझे कान तापले. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर भाऊंना सांगितलं की आम्ही लाकडाची पूजा करत नाही, क्रूस ही खूण आहे, मागणं येशूकडे करायचं असतं, आणि नारळ देऊन देवाशी सौदा होत नाही. शास्त्राचे आधारही दिले. एक शब्द चुकला नाही. नातेवाइकांनी मान डोलावली.

भाऊ म्हणाले, "बरा, वैनी. माका म्हायत नव्हता." नारळ उचलून ते घरी गेले.

रात्री जेवताना आजोबा म्हणाले, "तुजा सगळा बरोबर होता. पण आता माज्यासाठी कोण मागतलो?"

"मी मागते ना."

"तू मागतंस. पण तेना मागलेला माका बरा वाटता."

पावसाळा संपायच्या आत ते गेले. भाऊ अंत्यविधीला आले, पण दफनभूमीच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. आत आपल्या हातून काही चुकेल, असं त्यांना वाटलं असावं. ती भीती मी घातली होती. मग घरात मी एकटी उरले. ताट एक, कप एक. देवासाठी बोलले असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं तर त्या पाहुण्यासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून बोलले होते. हे कबूल करायला मला दीड वर्ष लागलं.

मग एका सकाळी मी भाऊंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गेले. ते सुकवलेली आमसुलं निवडत होते. मी म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं."

"सोडा ओ वैनी." आमसुलं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "एक इचारू? येवढ्या घरात एकट्याच आसात. तुमचो देव तुमका सोबत करता? खरा सांगा."

एवढ्या वर्षांत मला कुणी खरोखर विचारलेला हा पहिला प्रश्न. पाठ केलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "कधी करतो. कधी आठवडा आठवडा काही जाणवत नाही. तरी मी रोज प्रार्थनेला बसते, कारण तो ऐकतो यावर माझा विश्वास आहे. तुमच्या मित्रालाही त्याने एकटं टाकलेलं नाही, असं मी मानते."

भाऊ म्हणाले, "बरा वाटला ऐकान."

मुली, अभ्यास जरूर कर, अर्धवट माहितीवर बोलू नकोस. पण तोंड उघडण्याआधी आपण कुणासाठी बोलतोय, हे स्वतःला विचार. आणि समोरच्याकडे बघ. मी त्या दिवशी भाऊंकडे बघितलंच नव्हतं.

भाऊ अजून लदीनीला येत नाहीत. मी दोनदा बोलावलं, ते हसून विषय बदलतात. ते तुटलं ते तुटलं. पण रोज सकाळी ते मधल्या दगडी गडग्यापलीकडून "वैनी, चाय झाली?" असं विचारतात, मी "झाली" म्हणते, आणि मग माझ्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेते. एवढं अजून चालू आहे.

तुमची आजी